विसाव्यासाठी दुखणं कशाला हवं?

शेतातून नुकत्याच आलेल्या, चुलीपाशी असलेल्या, ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या सगळ्या जणींना आमचा रामराम. हातातलं काम चालू असलं तरी चालेल, फक्त कान इकडे द्या.

मागे आमच्या गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, वही लिहून झाली आणि आम्ही सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारला. "गेल्या महिन्यात तुम्ही निवांत कधी बसला होतात? हातात काम नाही, कुणाची हाक नाही, असं?" आधी सगळ्या हसल्या. मग एकेक उत्तर येऊ लागलं. एक काकू म्हणाल्या, "तालुक्याला जाताना एसटीत बसले होते की. खिडकीपाशी जागा मिळाली होती." दुसऱ्या म्हणाल्या, "सकाळी मशेरी लावते, तेवढंच." कोपऱ्यातली एक सूनबाई हळूच म्हणाली, "मला सलाईन लावलं होतं ना, तेव्हा. दोन तास पडून होते. लई बरं वाटलं."

यावर मात्र कुणी हसलं नाही. बऱ्याच जणींना आपलीच गोष्ट ऐकल्यासारखं वाटलं.

खरं आहे ना हे? आपल्याला विसावा घ्यायला दुखणं लागतं. ताप आला, चक्कर आली, कंबर धरली, की मग घर म्हणतं, "पड जरा." पण धडधाकट बाई दुपारी आडवी झाली, तर येणारा-जाणारा विचारतो, "काय गं, बरं नाही का?" मग बरं असेल तर आपणच ओशाळून उठतो आणि झाडू हातात घेतो.

औताचे बैलसुद्धा ऊन चढलं की सोडतात. त्यांना पाणी दाखवतात, सावलीला बांधतात. बैल आजारी पडेपर्यंत कुणी थांबत नाही, कारण बैल बसला तर पेरणी बसते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. बाई बसली तर घर बसतं, हेही सगळ्यांना कळतं. पण ते ती बसल्यावर कळतं.

म्हणून आजचं आपलं बोलणं याच गोष्टीवर आहे. दुखण्याची वाट न पाहता रोज थोडा विसावा कसा घ्यायचा? पैसा न लागता, घराबाहेर न जाता, आहे त्याच दिवसात तो कसा बसवायचा?

वेळ जातो कुठे?

"आम्ही घरीच तर असतो, आम्हाला कसला थकवा?" असं काही जणी म्हणतात. त्यांच्यासाठी एक हिशेब. आपला देश दिवसाचा वेळ कसा घालवतो, याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली केली. सहा वर्षांपासून पुढच्या वयाच्या माणसांची ती पाहणी होती. त्यात दिसलं की १०० पैकी ८१ बायका-मुली घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करतात आणि रोजची सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यातच जातात. पुरुषांत घरकामाला हात लावणारे १०० पैकी २६ निघाले आणि त्यांचा वेळ होता ९७ मिनिटं. लेकरांचं आणि म्हाताऱ्यांचं करण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही. शेतातली मजुरी तर वेगळीच.

म्हणजे थकवा हा आळस नाही. तो केलेल्या कामाचा हिशेब आहे. शरीर तो रोज मांडतं. आपण तो अंगावर काढतो आणि मग एक दिवस सगळी वसुली एकदम होते.

सलाईनच्या बाटलीत काय असतं?

आता त्या सूनबाईच्या सलाईनकडे येऊ. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा," असं आपण स्वतःहून डॉक्टरांना सांगतो. त्यासाठी पाचशे-हजार रुपये उसने घेतो, कधी गटातून कर्ज उचलतो. पण त्या बाटलीत असतं काय?

बहुतेक बाटल्यांत पाणी आणि मीठ असतं, नाहीतर पाणी आणि साखर. अर्ध्या लिटरच्या मिठाच्या बाटलीत साधारण साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे एक लहान चमचा. साखरेच्या नेहमीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. त्यातून मिळणारी ताकद एका भाकरीपेक्षा जास्त नसते. त्याने रक्त वाढत नाही, हाडं भरत नाहीत.

म्हणून सलाईन वाईट, असं आम्ही म्हणत नाही. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं, तोंडाने काही घेता येईना, ऑपरेशन झालं, तर सलाईन जीव वाचवतं. ते डॉक्टर ठरवतील. पण नुसत्या थकव्याला ते औषध नाही. मग बरं का वाटतं? एक तर उन्हातान्हात पाणी कमी पडलेलं असतं, ते भरून निघतं. दुसरं म्हणजे आपण दोन तास पंख्याखाली आडव्या असतो, कुणी उठवत नाही, कुणीतरी उशाशी बसून "कसं वाटतंय?" असं विचारतं. पाणी, पडून राहणं आणि आपुलकीची विचारपूस, या तिन्ही गोष्टी घरी फुकट मिळायला हव्यात. त्यासाठी सुई टोचून घ्यायची गरज नाही.

आत्ताच करून बघू: दहा श्वास

पहिला उपाय आत्ता ऐकता ऐकताच करू. जिथे आहात तिथे टेका. खाली बसा, खाटेवर बसा, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. एक हात पोटावर ठेवा. नाकाने हळूहळू श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. पोटावरचा हात पुढे आला पाहिजे. आता श्वास सोडा, पण सहापर्यंत मोजत, संथपणे. पोट आत जाईल. मध्ये श्वास कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही. असे दहा श्वास घ्यायचे. दोन मिनिटंही लागत नाहीत.

याने होतं काय? धावपळीत, काळजीत, भांडणात आपला श्वास वरच्यावर आणि भराभर चालतो. छातीचे ठोके वाढतात, खांदे आखडतात, जबडा घट्ट होतो. अंगावर कुत्रं धावून आलं की शरीर जसं पळायच्या तयारीत येतं, तसंच हे असतं. फरक इतकाच, की कुत्रं निघून जातं आणि काळजी दिवसभर सोबत राहते. आपण श्वास लांब सोडला की ठोके संथ होतात आणि शरीराला निरोप जातो, "आता धोका नाही, सैल हो." चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या.

हे करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. नळावर हंडा भरेपर्यंत, चहाला उकळी येईपर्यंत, रेशनच्या रांगेत, गिरणीत नंबर लागेपर्यंत हे करता येतं. असे फुकट जाणारे क्षण आपल्या दिवसात बरेच असतात. तेव्हा आपण उभ्या उभ्या पुढच्या कामाची काळजी करतो. त्यातले दोन-तीन क्षण श्वासाला द्या.

शेतात: पाणी, आडोसा आणि कंबर

खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागवड, सोयाबीनची काढणी, सगळी कामं वाकून किंवा उकिडवं बसून. अर्धा-पाऊण तास झाला की एकदा उभ्या राहा. दोन्ही हात कमरेवर ठेवून हलकेच मागे वाका आणि सरळ व्हा. पाच वेळा. मग खांदे मागच्या बाजूने गोल फिरवा. याला एक मिनिटही लागत नाही आणि संध्याकाळची कंबर वेगळीच लागते. हंडा किंवा पोतं उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाका, ओझं अंगाशी धरा आणि मग उठा.

पाण्याचं मात्र आपण बायका एक मोठं चुकीचं करतो. शेतात आडोसा नसतो, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. पाणी कमी पिणं आणि लघवी दाबून धरणं, या दोन्हींमुळे लघवीच्या जागी जंतू वाढायला वाव मिळतो. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं मागे लागतं. उन्हात डोकं दुखतं ते वेगळंच. याला एकटीने उपाय सापडत नाही, पण चौघींना सापडतो. बांधाच्या कडेला चार काठ्या आणि जुनं लुगडं बांधून आडोसा करा. जायचं तेव्हा दोघी मिळून जा. एकीने पाण्याची कळशी मध्ये ठेवावी आणि तासातासाला सगळ्यांना हाक मारावी, "चला गं, पाणी." पाणी पिणं हीच आपली सुट्टी.

चहा बसून, आणि मशेरीबद्दल दोन शब्द

घरातल्या सगळ्यांना चहा देऊन झाला की आपला चहा ओट्यावर निवत पडतो. मग तो उभ्या उभ्या, एका घोटात संपतो. आजपासून एक नियम करू: दिवसातला एक चहा बसून प्यायचा. दारात, तुळशीपाशी, कुठेही, पण बसून. पाच मिनिटांत घर वाहून जात नाही.

आणि ती मशेरी. ज्या ताईंनी "मशेरी लावते तेवढंच," असं सांगितलं, त्यांनी खरं दुखणं सांगितलं. बाईने नुसतं बसलेलं कुणाला चालत नाही, पण मशेरी लावत बसली तर कुणी बोलत नाही. म्हणून ती दहा मिनिटं हवीहवीशी वाटतात. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याची सवय लागते, न लावल्यास डोकं धरतं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं. म्हणून आमचं सांगणं असं, की बसणं सोडू नका, मशेरी सोडा. तीच जागा, तीच दहा मिनिटं, पण हातात साधं दातवण आणि मग ते दहा श्वास. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं जड राहील. ते हळूहळू ओसरतं. दोघी-तिघींनी मिळून सोडली तर सोपं जातं.

दुपारी पाठ टेकणं

दुपारी वीस मिनिटं मिळाली तर जमिनीवर सतरंजी टाकून उताण्या पडा. गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी ठेवा, म्हणजे कमरेवरचा ताण उतरतो. गरोदर बाईने पोट वाढल्यावर उताणं न पडता डाव्या कुशीवर पडावं.

आता दोन्ही मुठी घट्ट आवळा, पाचपर्यंत मोजा आणि एकदम सोडून द्या. हात जड झाल्यासारखे वाटतील. मग खांदे कानापर्यंत उचला आणि सोडा. डोळे घट्ट मिटा आणि सैल करा. शेवटी पायाची बोटं ताणा आणि सोडा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी ही आवळून सोडण्याची पद्धत मांडली. आपल्याकडच्या शवासनाशी तिचं चांगलं जमतं. ज्यांना "मन शांत करा," असं सांगूनही मन शांत होत नाही, त्यांनी आधी मुठीपासून सुरुवात करावी. अंग सैल झालं की मन मागून येतं.

आणि रात्रीची झोप. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. पहाटे पाचला उठायचं असेल तर दहाच्या आत पाठ टेकायला हवी. पण सगळे जेवणार वेगवेगळ्या वेळी, प्रत्येकाला गरम वाढायचं, आपण शेवटी उरलंसुरलं खायचं आणि मग भांडी. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकदम केलं आणि ज्याने त्याने आपलं ताट विसळून ठेवलं, तर झोपेचा बराच वेळ हाती लागतो. शिवाय आपल्या ताटातही भाजी पडते.

घरात सांगायचं कसं?

"मला कुणी मदत करत नाही," असं आपण चिडून म्हणतो. त्याचं पुढे काही होत नाही, कारण नेमकं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. म्हणून एकच काम निवडा आणि ते नाव घेऊन सोपवा. "उद्यापासून गुरांना पाणी तुम्ही पाजायचं." "बाळा, अंथरुणं घालणं आणि काढणं तुझं." लेकीला सांगतो तसं लेकालाही सांगा. त्याने काम वेडंवाकडं केलं, तर मागून जाऊन पुन्हा करू नका. इथेच आपण बायका चुकतो.

सासू असलेल्या मावश्यांना आमची खास विनंती आहे. सुनेला तुम्ही स्वतः म्हणालात, "पड गं घटकाभर, मी बघते पोरांकडे," तर घरात दुसरा कुणी बोलणार नाही. आणि सूनबाई, सासूबाईंचे गुडघेही थकलेले असतात. घटकाभर त्यांच्याही वाट्याला येऊ द्या.

ज्या एकल बायका आहेत, ज्या ऊसतोडीला फडावर आहेत, त्यांना सोपवायला घरात कुणी नसतं, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांना नुसतं "आराम कर," असं सांगणं म्हणजे थट्टा होईल. त्यांच्यासाठी शेजारीण आणि गट पुढे आला पाहिजे. एका दुपारी लेकरू सांभाळणं, दळण आणून देणं, एवढंही पुष्कळ होतं.

मनातलं कुठे ठेवायचं?

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. अंग मोडून जायचं, पण ओवीतून सगळं बोलून व्हायचं: माहेरची आठवण, भावाची माया, सासरचा जाच. जातं ऐकायचं, समोर बसलेली बाई ऐकायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांसह गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, यावरून बायकांच्या मनात किती साठलेलं होतं ते समजतं.

मग गिरणी आली. हात सुटले, फार चांगलं झालं. पण बोलायची ती जागाही गेली. ती जागा आता आपल्या गटाने द्यायला हवी. उमेदच्या दशसूत्रीत बचत, कर्ज आणि परतफेडीबरोबर आरोग्यही आहे, आणि मन हा आरोग्याचाच भाग आहे. बैठकीत वही बंद झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. जिला बोलायचंय तिने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. दोनच नियम पाळायचे. गटात बोललेलं गटाबाहेर जायचं नाही. आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. पुष्कळदा बाईला उपाय नको असतो, कुणीतरी "हो गं, अवघड आहे," असं म्हणायला हवं असतं.

विसाव्यानेही थकवा जात नसेल तर

इतकं करूनही थकवा जात नसेल, तर मात्र तो नुसता थकवा नसेल. चढावर दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाळीत अंगावरून फार जातं, नखं-डोळे पांढरट दिसतात? मग रक्त तपासा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवं. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. आशाताईंना विचारा. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शी काळी झाली तर घाबरू नका, ते गोळीमुळे होतं.

तसंच मनाचं. दोन आठवडे होऊन गेले तरी उदास वाटतं, झोप येत नाही, कशात जीव रमत नाही, मरणाचे विचार येतात, तर एकटीने सोसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फोन नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल, तर त्यावर श्वासाचा उपाय नाही. तिथे मदतच मागायला हवी. जिवाला धोका असेल तर ११२ लावा.

तर मैत्रिणींनो, येत्या आठवड्यासाठी एकच काम. वर सांगितलेल्यातलं कुठलंही एक निवडा. सगळं एकदम नको. दहा श्वास, बसून चहा, दुपारची वीस मिनिटं, जे जमेल ते. सात दिवस करा आणि पुढच्या बैठकीत सांगा, जमलं की नाही, आणि कुणी अडवलं. दुपारी पाठ टेकली असताना कुणी विचारलंच, "काय गं, बरं नाही का?" तर पडल्या पडल्या हसून सांगा, "बरी आहे. बरीच राहायचंय, म्हणून पडलेय."

भेटू पुढच्या भागात. रामराम.